कोरं पाणी

"काका, तुम्ही हाताला काय लावता?"

मैथिलीने हे विचारलं तेव्हा मी चहाचा मग दोन्ही हातांत धरून कंट्रोल रूमच्या खिडकीशी उभा होतो. मी मग खाली ठेवला आणि हात जॅकेटच्या खिशात घातले. बाहेर टाक्यांच्या कडेचं गवत थंडीने पांढरं पडलं होतं आणि पाण्यावर वाफ धरली होती. "काही नाही," मी म्हणालो. "का गं?" ती म्हणाली, "ब्लँकमध्ये काहीतरी येतंय. एकदा नाही, सारखं. पॅराबेन आहे. क्रीम-बिम टिकावं म्हणून घालतात ना, ते." तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर एक सपाट रेघ होती आणि मध्येच एक बारीक टोक वर आलं होतं. "हे इथे नसायलाच हवं," ती म्हणाली. "मी तर साबणसुद्धा बिनवासाचा वापरते. डॅरेनचा काही संबंध नाही ना?" डॅरेन माझा कामावरचा जोडीदार, तो कॅराव्हॅन घेऊन क्वीन्सलंडला गेला होता आणि थंडी संपल्याशिवाय परतणार नव्हता. "डॅरेन असता तरी क्रीम त्याच्या अंगाला लागलं नसतं," मी म्हणालो. "पाणीच मुश्किलीने लागतं." ती हसली. मीही हसलो. खिशात माझ्या मुठी वळलेल्या होत्या.

मैथिली मिरजेची. इथे मेलबर्नच्या युनिव्हर्सिटीत मास्टर्स करते. शहराच्या कडेला क्रेगीबर्नच्या नव्या घरांतून एकेका खोलीत दोन-दोन, तीन-तीन विद्यार्थी राहतात, तशीच तीही राहते, आणि शनिवार-रविवारी मिठाईच्या दुकानात उभी असते. तिचा प्रोजेक्ट आमच्या प्लँटवर चालतो. आमच्याकडे गावाचं सांडपाणी येतं, आम्ही ते साफ करतो, गाळ काढतो, जंतू मारतो, आणि ते जांभळ्या पाइपातून परत घरांना जातं, बागेसाठी, संडासासाठी. पण माणसांच्या अंगातून आणि बाथरूममधून आलेलं काही बारीक रसायन त्यात शिल्लक राहतं. गोळ्यांमधले हार्मोन, प्लॅस्टिकमधून सुटणारं काहीतरी, शांपू-क्रीममधलं काहीतरी. शरीर त्यांना आपलेच हार्मोन समजतं. माशांवर ते आधी दिसतं, नर माशांमध्ये मादीची लक्षणं यायला लागतात. मैथिलीने आमच्या मागच्या अंगणात एका कंटेनरमध्ये काचेच्या उभ्या नळ्या लावल्यात, त्यांत कोळशाचे दाणे भरलेत. आमचं साफ झालेलं पाणी ती त्यांतून सोडते. कोळसा ते रसायन धरून ठेवतो. किती धरतो आणि कधी थकतो, हे तिला मोजायचंय. तिला क्लास असतात, म्हणून बहुतेक दिवस तपकिरी काचेच्या बाटल्यांत सॅम्पल मी भरतो. आणि त्याबरोबर एक ब्लँक. ब्लँक म्हणजे लॅबमधून आलेलं अगदी शुद्ध पाणी. ते बाटलीतून काढायचं, तिथेच, त्याच हवेत, दुसऱ्या रिकाम्या बाटलीत ओतायचं आणि झाकण लावायचं. ते कुठलंच पाणी नसतं. त्यात काहीच यायला नको. आलं तर ते आमच्याकडून आलं, आणि मग बाकीच्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

"काका, सर म्हणाले कारण सापडलं नाही तर सगळा डेटा टाकून द्यावा लागेल," ती म्हणाली. "नळ्या परत भरायला, परत चालवायला वेळ नाही माझ्याकडे. हे शेवटचं सेमिस्टर आहे. व्हिसा डिसेंबरपर्यंतच आहे." हे ती लॅपटॉपकडे बघून म्हणाली. मग उठून कप विसळला. "जाऊ दे. नो वरीज. सापडेल."

घरी जाताना गाडीत मी उजवा हात नाकाशी नेला. दिवसभर रबरी हातमोज्यांत राहूनही वास होता. फार नाही. बदामासारखा, आणि त्याखाली औषधाच्या दुकानासारखा. सिग्नलला शेजारच्या गाडीतली बाई माझ्याकडे बघत होती, म्हणून मी नाक खाजवल्यासारखं केलं. मैथिलीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सॅम्पलच्या दिवशी सनस्क्रीन नको, परफ्यूम नको, क्रीम नको. मी ते पाळत होतो. मी झोपताना लावत होतो. झोपताना लावलेलं सकाळी अंघोळीनंतर कुठे राहतंय, असं मला वाटायचं. आणि तरी मला माहीत होतं की राहतं, कारण राहावं म्हणूनच तर मी लावत होतो.

क्रीम वासंतीचं. पांढरी ट्यूब, निळं झाकण. आम्ही आलो तेव्हा पहिल्याच थंडीत तिचे हात फुटले. चिंचवडला असं कधी झालं नव्हतं. बोटांच्या सांध्यांवर चिरा पडायच्या आणि कणीक मळताना मीठ झोंबायचं, मग ती हात वर धरून माझ्याकडे यायची, "अहो, बघा तुमचं ऑस्ट्रेलिया." मी केमिस्टकडून ही ट्यूब आणली. तिला वास आवडला नाही, म्हणाली हा हॉस्पिटलमधल्या बदामाच्या शिऱ्यासारखा वास आहे. पण हात बरे झाले. मग दर थंडीला मी आणायचो. दिवे मालवायच्या आधी ती पलंगाच्या कडेला बसून लावायची, आधी एका हाताला, मग दुसऱ्या, मग दोन्ही हातांत उरलेलं माझ्या कोपरांना फासायची. मी म्हणायचो, मला नको. ती म्हणायची, वाया का घालवायचं? इतकी वर्षं माझ्या कोपरांना तो वास होता आणि मला तो कधी आला नाही. ती गेल्यावर एकदा बाथरूमच्या कपाटातली ट्यूब उघडली आणि ती खोलीत आहे असं वाटलं. म्हणजे वाटलं असंही नाही. मी मागे वळून बघितलं.

ट्यूब संपत आली म्हणून मी नवी आणायला गेलो होतो. तीच पांढरी ट्यूब, तेच निळं झाकण, पण कोपऱ्यात एक हिरवं पान छापलेलं होतं आणि आता यात पॅराबेन नाही असं लिहिलं होतं. दुकानातच झाकण उघडून वास घेतला. वेगळाच होता. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "न्यू फॉर्म्युला, मच बेटर फॉर यू." जुनी आहे का विचारलं, तर म्हणाली जुनी आता कुठेच मिळणार नाही. तेव्हापासून मी जुनी ट्यूब खालून गुंडाळत आणली होती आणि मटाराएवढीच घेत होतो. मग त्याहून कमी.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाक केला नाही. भात होता, तो दह्यात कालवला. मागच्या अंगणात कढीपत्त्याची कुंडी होती तिच्याकडे बघितलं नाही. ती कुंडी वासंतीची. मेलबर्नला कढीपत्ता जगवणं सोपं नाही, थंडीत तो आत आणावा लागतो, आणि ती दर वर्षी मे महिन्यात, इथली थंडी सुरू होताना, मला हाक मारायची, "उचला तुमच्या जावयाला." आमच्या घरामागे दोन नळ आहेत, एक साधा आणि एक जांभळा. जांभळ्यातलं पाणी आमच्या प्लँटचं. त्याच्यावर पाटी आहे, पिऊ नका. मला त्या नळाचं कौतुक होतं. पाहुणे आले की मी तो सोडून दाखवायचो, बघा, काचेसारखं आहे की नाही. वासंतीने कढीपत्त्याला त्या नळाचं पाणी एकदाही घातलं नाही. तांदूळ धुतलेलं पाणी, डाळ धुतलेलं पाणी पातेल्यात साठवायची आणि तेच घालायची. "अहो, तुमचा प्लँट तुमच्यापाशी. माझ्या झाडाला तो नळ दाखवायचा नाही." मी तिला समजवायचो, किती वेळा गाळतो, काय काय घालतो, शेवटी अल्ट्राव्हायोलेट दिवे आहेत. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "सगळं मान्य. पण ते कुठून येतं मला ठाऊक आहे ना." रुचा, आमची मुलगी, तेव्हा शाळेत होती, ती म्हणायची, "आई, दॅट्स जस्ट सुपरस्टिशन." वासंती म्हणायची, "असू दे. आमटीत तोच कढीपत्ता पडतो, तुझ्याच पोटात जातो."

तिचा आजार हार्मोनवर वाढणारा होता. डॉक्टरांनी हेच शब्द वापरले. स्तनातली गाठ, आणि तिला शरीरातले हार्मोन खाऊ घालतात, म्हणून हार्मोन तोडायचे. त्यासाठी रोजची गोळी. बाहेर गाडीत बसल्यावर वासंती म्हणाली, "म्हणजे तुम्ही जे पाण्यातून काढता ते हे लोक माझ्यातून काढणार." मी म्हणालो, आम्ही ते काढत नाही, आमच्या प्लँटमध्ये ते निघत नाही. "मग शिका," ती म्हणाली आणि पट्टा लावला. पुढे ती गोळी घ्यायची आणि मी कामावर जायचो, आणि इनलेटला, जिथे गावाचं पाणी पहिल्यांदा आत येतं, तिथे जाळीपाशी उभा राहायचो. घरातून जे जातं ते सगळं तिथे येतं. तिच्या गोळ्याही येत असणार. त्या करड्या पाण्यात काय दिसणार. पण मी उभा राहायचो, आणि डॅरेन मागून म्हणायचा, "मेट, यू ऑलराइट?" मी म्हणायचो, हो, जाळीत चिंधी अडकली आहे. शेवटी गोळी काम करेनाशी झाली. मैथिलीचा कोळसाही असाच आहे. बरेच दिवस सगळं धरतो, मग भरतो, आणि एके दिवशी जे येईल ते जसंच्या तसं खाली सोडायला लागतो. बाहेरून तो तेव्हाही तसाच दिसतो, काळा.

पुढच्या वेळी मैथिली आली तेव्हा ट्यूब माझ्या डब्याच्या पिशवीत होती. दोन दिवस तशीच नेली-आणली होती. ती कंटेनरमध्ये नळीचा नट आवळत होती. मी म्हणालो, "हे मी लावतो," आणि ट्यूब तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली नाही, आधी वाकून लेबल वाचलं. "पण काका, तुम्ही तर म्हणालात—" मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि गुंडाळून गुंडाळून बोटाएवढ्या झालेल्या त्या ट्यूबकडे बघितलं. "काकूंची आहे?" तिने विचारलं. वासंती तिला कधी भेटली नव्हती, पण आमच्या घरी ती एकदा जेवायला आली तेव्हा फोटो पाहिला होता. मी मान हलवली. तिने हात पुसले. "मला थोडंसंच लागेल," ती म्हणाली. "नखाएवढं. हेच आहे हे एकदा सिद्ध झालं की बाकीच्या संयुगांचे आकडे वाचतील. सर ऐकतील. बाकीची तुम्ही ठेवा. फक्त… आता लावू नका. माझं काम होईपर्यंत."

"सगळी ने," मी म्हणालो.

"अहो काका, कशाला सगळी? खरंच नको."

"घरात राहिली तर मी लावीन."

तिने तपकिरी बाटली काढली, कात्रीने ट्यूब उभी कापली, आणि ती उघडी पसरली. आत बाजूंना चिकटलेलं एवढंच होतं. ते ती काचेच्या कांडीने खरवडून घेत होती आणि वास सगळ्या कंटेनरभर झाला. मी इतक्या दिवसांत एकदम इतका कधी घेतला नव्हता. मी दाराशी गेलो. मग परत आलो आणि विचारलं, "मैथिली, याने होतं का?" तिला कळलं मी काय विचारतोय. तिने कांडी थांबवली. "असं कोणी सांगू शकत नाही, काका. यात फार थोडं असतं. अभ्यास झालेत, पण नक्की असं काही… नाही सांगता येत." "पण तू ते पाण्यातून काढतेस." "काढते." "का?" तिने खाली बघितलं. "कारण नक्की सांगता येत नाही म्हणून," ती म्हणाली. तिच्या वयाच्या मुलीला असं अडचणीत आणायचं मला कारण नव्हतं. मी म्हणालो, "चल, पंप बघू. आवाज बदललाय." पण दर थंडीला ती ट्यूब मीच आणायचो, हे डोक्यात फिरत राहिलं. वासंतीला तर वासही आवडत नव्हता.

सिद्ध झालं. तिने फोनवर चित्र पाठवलं. दोन टोकं, एकावर एक, बरोबर एकाच जागी. आमच्या ब्लँकमधलं बारीक, आणि क्रीमचं इतकं उंच की पडद्याच्या वर कापलं गेलेलं. खाली तिने लिहिलं होतं, थँक यू काका, आणि मग परत, सॉरी काका. मी ते चित्र मोठं करून बघितलं. फोन ठेवून दिला. मग परत काढून बघितलं. लोक गेलेल्या माणसाचे फोटो बघतात, तसं.

त्यानंतर मी हात साध्या साबणाने चोळून धुवायला लागलो, नखांत ब्रश घालून. सांध्यांवर चिरा पडल्या. नवे हातमोजे, धुतलेलं जॅकेट. गाडीचं स्टिअरिंगही पुसलं. आणि तरी पुढच्या ब्लँकमध्ये ते आलंच. कमी होतं, पण होतं. त्याच्या पुढच्यातही. मैथिली आली ती रडून आलेली दिसत होती, पण बोलताना अगदी सरळ बोलली. "सर म्हणतात, कारण सापडलं तर ते थांबलं पाहिजे. थांबत नसेल तर ते कारण नाही. मी असं करते, दुकान सोडते आणि रोज स्वतः येते." मी म्हणालो, "दुकान सोडून खाणार काय?" "बघू." "आणि तू आलीस तरी कंटेनर मीच उघडणार. पंप मीच लावणार. नियम आहे, तुला एकटीला सोडता येत नाही." ती म्हणाली, "मग काय करू, काका?" हा प्रश्न ती मला विचारत नव्हती, पण समोर मीच होतो. मग ती जरा घुटमळली आणि म्हणाली, "घरी अजून कशाला लागलेलं असेल का? टॉवेल, पांघरूण, असं काही?"

मी म्हणालो, बघतो.

बघायचं काही नव्हतं. मला माहीत होतं. वासंतीच्या उशीचा अभ्रा मी धुतला नव्हता. ती शेवटी घरीच होती, आणि ती गेल्यावर रुचाने सगळं घर धुऊन काढलं, पण हॉस्पिटलची खाट मागच्या खोलीत होती, तिथलं सगळं तिने धुतलं. आमच्या पलंगावरची तिची उशी तशीच राहिली. मी ती माझ्या बाजूला घेतली. झोपताना हात तिच्याखाली घालतो आणि गाल वर ठेवतो. इतक्या वर्षांचं तिचं केसांचं तेल आणि ते क्रीम त्या कापडात होतं, आणि वर माझ्या हातांनी मी अजून भर घातली होती. जांभळ्या बारीक फुलांचं कापड आहे, मध्यभागी तेलाचा गोल डाग. रुचा इस्टरला आली होती तेव्हा तिने तो पाहिला. दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, हॅव यू एव्हर वॉश्ड दॅट?" मी म्हणालो, धुतो. ती म्हणाली, "इट्स नॉट हेल्दी." मग जवळ आली, उशी उचलून तोंडाशी धरली, आणि बराच वेळ काढली नाही. खाली ठेवून म्हणाली, "डोन्ट, देन," आणि चहा करायला गेली. ती ब्रिस्बेनला असते. रविवारी फोन करते. आम्ही हवामानाबद्दल बोलतो.

त्या रविवारीही तिचा फोन आला. मी तिला विचारलं, "तुला तो अभ्रा हवाय का?" "कुठला?" "आईचा." मागे तिच्याकडे कोणाची तरी गाडी रिव्हर्स होत होती. "बाबा, आय कान्ट डू धिस ओव्हर द फोन," ती म्हणाली. मग म्हणाली, "कीप इट. तुम्ही ठेवा." मी म्हणालो, बरं. फोन ठेवला तेव्हा दुपार होती. ऊन होतं, पण त्यात काही दम नव्हता. माझ्या डोक्यात आलं की अभ्रा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बंद करून ठेवावा. मग आलं की पिशवी माझ्याच घरात असेल, कपाटात, आणि मी ती उघडीन. मी ट्यूब दिली तेव्हाच मला माझं सगळं कळलेलं होतं. आणि मिरजेची ती मुलगी शनिवार-रविवार बर्फीचे डबे भरून, उरलेल्या दिवसांत काचेच्या नळ्यांपुढे बसून, डिसेंबरमध्ये रिकाम्या हाताने परत जाईल. वासंतीला हे सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती हे मला नीट माहीत होतं. ती म्हणाली असती, "अहो, घाण झालाय तो. टाका मशिनमध्ये." ती अशीच होती. ती माझ्यासारखी कधी नव्हती.

मी अभ्रा काढला. उशी आत पिवळी पडली होती. अभ्रा तोंडाशी नेला नाही, नेला असता तर झालंच नसतं. मशिनमध्ये तो एकटाच घातला. आमचं मशिन समोरून काचेचं आहे. मी लाँड्रीत स्टुलावर बसलो आणि बघत राहिलो. आधी तो कोरडाच एकदा फिरला. मग पाणी आलं. फुलं एकदम गडद झाली. फेस आला, मग काही दिसेना, मग मध्येच एखादी कड काचेला चिकटायची आणि सुटायची. मग थांबून मशिनने पाणी सोडलं. भिंतीतल्या पाइपातून ते खाली गेल्याचा आवाज मी ऐकला. ते पाणी पुढे कुठवर जातं ते मला माझ्या कामामुळे माहीत आहे. आमच्या गल्लीच्या खालून, क्रिकेटच्या मैदानाच्या कडेने, पंपाच्या स्टेशनात, तिथून वर, आणि मग माझ्याकडे. सकाळच्या शिफ्टला मी पोचायच्या आत ते पोचणार होतं. मला वाटलं मशिन मध्येच बंद करावं. पण तोवर दुसरं पाणी आत घेतलं होतं.

सोमवारी मी इनलेटला गेलो नाही. लांबून गेलो. सगळं करडं पाणी जाळीतून येत होतं, आख्ख्या गावाचं. त्यात कोणाचं काय ते वेगळं करायची सोय नाही.

अभ्रा वाळला तेव्हा त्याला पावडरीचा वास होता. मी तो उशीला चढवला. पहिल्या दिवशी झोप लागली नाही. मग लागायला लागली, हे त्याहून वाईट.

मैथिली पुढच्या आठवड्यात आली ती धावतच आली, हातात मिठाईचा डबा होता. "कोरा करकरीत, काका! बघा, बघा ना!" पडद्यावर रेघ होती. सपाट. या टोकापासून त्या टोकापर्यंत काही नाही. "आणि त्याच्या नंतरचापण! सर म्हणाले, गुड वर्क. काका, ते कधी गुड वर्क म्हणत नाहीत." तिने डबा उघडला, पेढा काढून माझ्यापुढे धरला. मी घेतला. तिचा चेहरा अगदी शाळकरी मुलीसारखा झाला होता, आणि मला आनंद झाला. तो खरा होता, मी तपासून बघितला. मग मी विचारलं, "म्हणजे शून्य?"

"शून्य आम्ही कधी लिहीत नाही," ती म्हणाली. "मशिनला दिसतं त्यापेक्षा कमी, असं लिहितो."

"म्हणजे असू शकतं."

"असू शकतं." ती उत्साहात होती, तिला वाटलं मी शिकायला म्हणून विचारतोय. "पण काका, इतकं कमी की असलं काय, नसलं काय. मोजताच येत नाही. मोजता येत नाही म्हणजे आपल्या दृष्टीने नाहीच." ती बोलता बोलता थांबली. माझे हात टेबलावर होते, सांध्यांवर चिरा, एकीतून रक्त येऊन सुकलेलं. तिने डब्याचं झाकण लावलं. "घरी घेऊन जा तुम्ही," ती हळू म्हणाली. "मी अजून आणीन."

घरी आलो तेव्हा अजून उजेड होता. डबा ओट्यावर ठेवला आणि मागचं दार उघडलं. कढीपत्त्याची कुंडी तिथेच होती, कुंपणाशी, जिथे उन्हाळ्यात ठेवतात. या मे महिन्यात कोणी हाक मारली नाही आणि मी ती आत आणली नाही. पानं पहिल्या थंडीतच काळी पडली होती आणि आता गळूनही गेली होती. काड्या राहिल्या होत्या. मी खाली बसलो आणि खोड नखाने खरवडलं. आत तपकिरी होतं. खाली, मातीशी खरवडलं. तिथेही. तांदूळ धुतलेलं पाणी ओट्यावर नव्हतं, कारण मी भात सकाळीच मांडला होता. मी जांभळा नळ सोडला. वासंतीचं न ऐकता ते पाणी पहिल्यांदा त्या कुंडीत जात होतं, आणि आता त्याने काही बिघडणार नव्हतं. कुंडी भरली, माती पाणी पिईना, वरून वाहायला लागलं. मी नळाखाली दोन्ही हात धरले. चिरांना झोंबलं. ओंजळीत पाणी घेऊन नाकाशी नेलं आणि डोळे मिटून वास घेतला, बराच वेळ.

कसलाही वास नव्हता. पाणी एकदम साफ होतं. प्लँट चांगला चालला होता.